वाचकांचे प्रश्न: यानाचं कवच अडवतं काय, आणि अडवलेलं जातं कुठे?

चवथ आटोपली की दिवाळी अंकांची लगबग सुरू होते आणि आमच्या टपालात विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची पत्रं वाढतात. या खेपेला एकाच विषयावर इतकी पत्रं आली की अख्खा स्तंभ त्यालाच दिला आहे: लढाऊ अंतराळयानाभोवतीचं ऊर्जाकवच. असं कवच आज कुणाकडेच नाही, त्यामुळे ते कसं असावं हे ठरवायचा हक्क लेखकाचा. पण त्याच्यावर येऊन आदळणारी गोळी, प्रकाश आणि उष्णता लेखकाचं ऐकत नाहीत. खाली दिलेले आकडे त्यांचे आहेत.

म्हापशाहून एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी: माझ्या कथेत कप्तान ओरडतो, "कवच चाळीस टक्क्यांवर!" मैत्रिणीने विचारलं, चाळीस टक्के म्हणजे कशाचे? मला सांगता आलं नाही. काय लिहू?

मैत्रिणीला कथा पुन्हा वाचायला द्या, तिने नेमक्या जागी बोट ठेवलंय. टक्का कशाचा तरी असावा लागतो. लढाईत कवचाच्या निदान तीन गोष्टी खर्च होतात, आणि तिन्हींचा वेग वेगळा असतो.

पहिली, साठवलेली वीज. फटका मिलिसेकंदात बसतो. तेवढ्यात अणुभट्टी काही वाढवून देऊ शकत नाही, म्हणून मध्ये साठा हवा. १ गिगाज्यूल म्हणजे २७८ युनिट, साधारण एका घराची महिन्याची वीज. किलोला २०० वॅट-तास धरणाऱ्या लिथियम-आयन बॅटरीत एवढी वीज सुमारे १,४०० किलोंत मावते, पण ती बॅटरी इतक्या झटक्यात रिकामी होत नाही. झटक्यात रिकामा होतो तो कपॅसिटर. आजचा सुपरकपॅसिटर किलोला ५ वॅट-तासांच्या आसपास धरतो, म्हणजे तेवढ्याच विजेसाठी ५५ टन वजन लागेल. तुमच्या काळातला कपॅसिटर याहून चांगला असेल, पण तो जागा खाणारच आणि रिकामाही होणारच.

दुसरी, उष्णता मुरवायची जागा, बहुधा पाणी. तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. तिसरी, कवच निर्माण करणारे उत्सर्जक. ते यानाच्या अंगावर बसवलेले असतात, जळतात, फुटतात.

आता यांचा भरून यायचा वेळ बघा. वीज मिनिटांत भरते, उष्णता उतरायला तास जातात, आणि जळालेला उत्सर्जक कुणीतरी पाना घेऊन बाहेर गेल्याशिवाय परत येत नाही. कथेला लागणारे तीन वेगळे ताण इथेच तयार होतात. तेव्हा कप्तानाच्या तोंडचा टक्का काढा आणि खालच्या माणसाच्या तोंडी हे घाला: "पाणी नऊ फटक्यांचं उरलंय. डावीकडचा तीन नंबर गेला. साठा दोन मिनिटांत भरेल." एवढ्यावर वाचक स्वतः हिशेब करू लागतो: डावी बाजू दाखवायची नाही, दोन मिनिटं काढायची, आणि दहावा फटका खायचा नाही. पुढचं पान तो त्यासाठीच उलटतो.

वास्कोहून, जहाजदुरुस्तीच्या यार्डात काम करणारा एक वाचक: जहाजाला गंज वेगळा, लाट वेगळी, खडक वेगळा, तिघांवर उपाय वेगळे. यानाचं कवच मात्र लेसर, तोफगोळा, किरणोत्सर्ग सगळं एकटं अडवतं. हे पटत नाही.

पटू नयेच. कवच काय अडवतं हे लिहायच्या आधी ते काय अडवत नाही हे ठरवा. एकेक घेऊ.

विद्युतभारित कण, म्हणजे सूर्याकडून येणारे प्रोटॉन आणि तसलेच इतर, चुंबकीय क्षेत्रात वळतात. पृथ्वीचं संरक्षण असंच चालतं, आणि यानाच्या कवचाला भक्कम शास्त्रीय आधार आहे तो इथेच. १ टेस्लाच्या क्षेत्रात सेकंदाला ४०० किमी वेगाचा प्रोटॉन अवघ्या ४ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. प्रकाशाच्या एक-दशांश वेगाचा प्रोटॉन ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात. म्हणजे काही मीटर जाडीचं क्षेत्र पुरे. पण ज्याच्यावर विद्युतभार नाही त्याला हे क्षेत्र शिवतसुद्धा नाही. उदासीन अणू, दगड, लेसरचा किरण सरळ आत येतात. उदासीन अणूंसाठी पुढे लेसर टाकून आधी त्यांचा इलेक्ट्रॉन सुटा करावा लागेल, मग ते वळतील. लांबच्या प्रवासावरच्या यानाला ही जोडी शोभून दिसते.

प्रकाश अडवायचा तर प्लाझ्मा. आपल्याकडे लघुलहरींवर दूरदेशीची रेडिओ केंद्रं ऐकू येतात ती वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्लाझ्मावर लहरी आपटून परततात म्हणून. पण प्लाझ्मा जितका दाट, तितक्याच वरच्या कंपनसंख्येपर्यंत तो परतवतो. डोळ्यांना दिसणारा प्रकाश परतवायचा तर दर घनमीटरला सुमारे ३ वर २७ शून्यं इतके इलेक्ट्रॉन हवेत. आपण श्वासात घेतो त्या हवेतल्या रेणूंच्या शंभरपट दाट. असा प्लाझ्मा पोकळीत धरून ठेवणारं क्षेत्र हा तुमच्या कथेतला शोध. तो तुम्हाला माफ. पण त्याची किंमत माफ नाही. या कवचातून शत्रूचा लेसर आत येत नाही तसा तुमचा रडारही बाहेर जात नाही. कवच चढवलं की यान आंधळं आणि बहिरं. वातावरणात परतणाऱ्या कुपीभोवती प्लाझ्मा तयार होऊन तिचा रेडिओ काही मिनिटं तुटतो तो याच कारणाने. कवच कधी उतरवायचं हा प्रश्न कप्तानाला सतत पडायला हवा.

राहिला गोळा. १०० किलोंचं क्षेपणास्त्र सेकंदाला १० किमी वेगाने आलं तर त्यात ५ गिगाज्यूल ऊर्जा असते, सव्वा टन टीएनटीएवढी; स्फोटकं न भरताही. कवच पाच मीटर जाड असेल आणि त्याने त्याला तेवढ्यात थांबवलं तर वेळ मिळतो १ मिलिसेकंद आणि सरासरी जोर होतो १ अब्ज न्यूटन, म्हणजे लाख टनांचं वजन. हा जोर हवेत विरत नाही. कवच ज्या यंत्रातून निघतं त्या यंत्रावर, यंत्राच्या पायावर, पायाच्या बोल्टांवर तो येतो. यार्डात इंजिनाच्या बेडचे बोल्ट कातरलेले पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. तेच कवच ५०० मीटर खोल असेल तर वेळ शंभरपट, जोर शंभरावा भाग: हजार टन. हे पेलण्यासारखं आहे. म्हणून गोळ्यांसाठीचं कवच दूर आणि मऊ हवं.

याहून शहाणपणाचं म्हणजे गोळा थांबवूच नका, वळवा. १० किमी दूर असतानाच त्याला आडवा सेकंदाला १०० मीटर वेग दिला तर तो यानापर्यंत येईतो १०० मीटर बाजूला गेलेला असतो. त्याला लागते अर्धा मेगाज्यूल ऊर्जा. थांबवण्याच्या दहा-हजाराव्या भागात काम झालं! अडचण एकच: तो १० किमीवर असताना दिसायला हवा, आणि आडवा धक्का द्यायला मिळतो जेमतेम एक सेकंद. दिसला नाही तर बाकी सगळं व्यर्थ, म्हणून अशा यानावर महत्त्वाचा माणूस तोफेवरचा नव्हे, पडद्यावर डोळे लावून बसलेला.

आणि साधा पत्रा विसरू नका. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवलेली रचना आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आजही आहे: बाहेर पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा, मग खरी भिंत. वेगाने आलेला कण पत्र्यावर फुटतो, त्याचा फवारा पसरतो, आणि भिंतीवर येतो तेव्हा त्याचा जोर मोठ्या जागेत वाटला गेलेला असतो. गंमत अशी की सेकंदाला ७ किमीच्या वरचा कण असा वितळून-फुटून जातो, पण ३ किमीच्या खालचा अखंडच राहतो आणि पत्र्यातून पार होतो. तेव्हा सावकाश येणारी गोळी काही वेळा जास्त वाईट. शत्रूला हे माहीत असेल तर तो वेग कमी करून मारील.

चोडण बेटावरून एक शिक्षक: आपल्या तोफा आतून बाहेर मारतात, शत्रूचं मात्र आत येत नाही. असं एकतर्फी कवच शक्य आहे का, की ही लेखकांची सोय?

गुरुजी, तुमच्या बेटावरच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात, हे यंत्र शतकानुशतकं चालू आहे. बांधातल्या मानशीची लाकडी झडप आठवा. ती आतून बाहेर उघडणारी नसती तर शेत राहिलंच नसतं. भरतीचं खारं पाणी बाहेरून दाबतं आणि झडप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटी लागली की आतलं पाणी उंच ठरतं, झडप आपोआप ढकलली जाते आणि जादा पाणी नदीत निघून जातं. राखणदार झोपला तरी चालतं, कारण झडपेला दिशा कळते ती पाण्याच्या दाबावरून.

प्रकाशासाठी अशी झडप प्रयोगशाळेत रोज वापरली जाते. तिला फॅरडे आयसोलेटर म्हणतात. एक ध्रुवक, म्हणजे ठराविक दिशेने कंप पावणारा प्रकाशच सोडणारी चाळणी, मग चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला स्फटिक, मग पहिल्याशी ४५ अंशांत वळवलेला दुसरा ध्रुवक. जाणाऱ्या प्रकाशाची कंपनदिशा स्फटिक ४५ अंशांनी फिरवतो, ती दुसऱ्या ध्रुवकाशी जुळते आणि प्रकाश पार होतो. उलट येणारा प्रकाश परत फिरतो तेव्हा स्फटिक त्याला मागे न फिरवता त्याच दिशेने आणखी ४५ अंश फिरवतो. एकूण ९० झाले, पहिल्या ध्रुवकाने वाट अडवली. तेव्हा लेसरपुरतं एकतर्फी कवच लिहायला काहीच हरकत नाही. फक्त अडलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो ध्रुवकात मुरतो आणि ध्रुवक तापतो, हे लक्षात असू द्या.

गोळ्यांसाठी दिशेची झडप नाही, वेळेची आहे. गोळा सुटायच्या क्षणी कवचात तेवढ्यापुरतं भोक पाडायचं. पाच मीटर जाडीतून सेकंदाला १० किमीने जाणारा गोळा अर्ध्या मिलिसेकंदात पार होतो. भोक तेवढा वेळ तरी उघडं हवं, वर सुरक्षिततेसाठी थोडं जास्त. तोफा ठराविक तालात मारत राहिल्या तर भोकही तालात उघडतं, आणि समोर ऐकणारा असेल तर तो आपला गोळा त्याच तालात सोडतो. म्हणून तुमच्या गोलंदाजाने ताल मोडत मारायला हवं.

मानशीत काय बिघडतं तेही घ्या, कथेला उपयोगी आहे. वाहत आलेली फांदी झडपेत अडकते आणि दार बोटभर उघडं राहतं. खेकडे बांधात बिळं पाडतात. बाहेरून काही दिसत नाही, आतून बांध पोकळ होत जातो. आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात होत नाही. झडप मोडणं आणि झडप अर्धवट लागणं यांत दुसरं जास्त वाईट, कारण ते उशिरा कळतं. तुमच्या यानात एक उत्सर्जक पूर्ण जळू देऊ नका. त्याला अडकू द्या, तक्त्यावर हिरवा दिवा दाखवत.

डिचोलीहून एक वाचक: लेखक म्हणतात कवच ऊर्जा "शोषून घेतं". शोषून घेऊन ठेवतं कुठे?

आमच्या मते सगळ्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत मोलाचा. खाजनात बांध आणि मानस यांच्याबरोबर पोंयही असते, आतलं पाणी साठायची तळी. भरती असेपर्यंत मानस बंद असते, तोवर पावसाचं पाणी जायचं कुठे? पोंयीत. पोंय बुजवून कुणी घर बांधलं की बांध शाबूत असूनही शेत बुडतं. अंतराळात हीच गोष्ट उष्णतेची आहे. तिथे हवा नाही, पाणी नाही. उष्णता बाहेर जायची वाट एकच, किरणोत्सर्जन.

वरचं ५ गिगाज्यूलचं क्षेपणास्त्र घ्या. कवचाने त्यातला चार-पंचमांश वेगळा वळवला आणि एक-पंचमांश आत उष्णतेच्या रूपाने आला असं धरू. १ गिगाज्यूल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची मुख्य शीतन व्यवस्था अमोनिया फिरवून ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. तिला या एका फटक्यासाठी चार तास लागतील. लढाई चार मिनिटांत संपते.

म्हणून पोंय हवी. सर्वांत स्वस्त पोंय पाण्याची. ३० अंशांचं १ किलो पाणी उकळून वाफ करायला सुमारे २.५५ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे एका फटक्याला जवळपास ४०० लिटर पाणी. मे महिन्यात दारात येणारा १०,००० लिटरचा टँकर पंचवीस फटके पुरतो. वाफ बाहेर सोडून द्यायची. ती गोठून यानामागे बर्फाच्या कणांचा पांढरा पट्टा पसरतो, सूर्यप्रकाशात तो दुरून दिसतो, आणि शत्रू तो मोजतो. तुमचं पाणी किती उरलं हे त्याला तुमच्याइतकंच कळतं. शिवाय हेच पाणी माणसांच्या पिण्याचं असेल तर? विसाव्या फटक्यानंतर कप्तानाला काय निवडावं लागेल ते आम्ही लिहीत नाही, तुम्ही लिहा.

दुसरी वाट तापलेले पंख, म्हणजे रेडिएटर. इथे तापमानाच्या चौथ्या घाताचा नियम चालतो, म्हणून थोडं जास्त तापमानही खूप फरक पाडतं. आदर्श काळ्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर १२७ अंश सेल्सिअसला दीड किलोवॅटहून थोडी कमी उष्णता फेकतो. ७२७ अंशांना तोच ५७ किलोवॅट फेकतो. १ गिगाज्यूल दहा मिनिटांत काढायचं तर पहिल्या तापमानाला साडेअकराशे चौरस मीटर पंख लागतात, दुसऱ्याला तीस. अर्थात ७२७ अंशांचे पंख अंधारात लालभडक दिसतात आणि त्यांच्या नळ्यांत पाणी चालत नाही, वितळलेला धातू लागतो.

आता सर्वांत सुंदर पेच. पंखांची उष्णता म्हणजे अवरक्त प्रकाशच. कवच प्रकाश अडवत असेल तर ती आतच कोंडते आणि यान आपल्याच कवचात शिजतं. मग कवचात खिडकी ठेवावी लागते (नुसत्या प्लाझ्माला ती जमत नाही, तो लांब लहरीच आधी परतवतो; तेव्हा हाही तुमच्या कथेतलाच शोध): २ मायक्रोमीटरपेक्षा कमी तरंगलांबी अडवा, जास्त सोडा. ७२७ अंशांचे पंख सर्वाधिक प्रकाश २.९ मायक्रोमीटरला देतात, तो बाहेर जातो. नेहमीचा १ मायक्रोमीटरचा लेसर अडतो. पण कार्बन डायऑक्साइड लेसर १०.६ मायक्रोमीटरवर चालतो. खिडकीतून तो सरळ आत येतो! मात्र त्याची तरंगलांबी दहापट मोठी असल्याने तो दहापट पसरतो. १ मीटरच्या आरशातून हजार किलोमीटरवर १ मायक्रोमीटरच्या लेसरचा ठिपका सुमारे अडीच मीटरचा पडतो, याचा २६ मीटरचा. जोर शंभरपटीहून कमी झाला. तो वसूल करायला शत्रूला शंभर किलोमीटरपर्यंत जवळ यावं लागेल. सगळ्या ताफ्याला सोडून एक जुनं, वेगळ्या लेसरचं यान जवळ जवळ सरकतं आहे आणि ते का सरकतं आहे हे अजून कुणाला कळलेलं नाही, असा प्रसंग या दोन आकड्यांतून आपोआप उभा राहतो.

पणजीहून: कवच फुग्यासारखं गोल असावं की यानाच्या अंगाला चिकटून?

२०० मीटर लांब, ४० मीटर रुंद यान घ्या. अंगालगतचं कवच सुमारे २७,५०० चौरस मीटर. ११० मीटर त्रिज्येचा फुगा दीड लाख चौरस मीटर, साडेपाचपट. वीज कमी असेल तर अंगालगत. पण गोळ्यासाठी अंतर हवं हे वर आलंच. आम्ही दोन्ही ठेवू: दूरचं विरळ गोळ्यांसाठी, जवळचं दाट लेसरसाठी, आणि वीज तुटली की कोणतं आधी सोडायचं यावर दोन अधिकाऱ्यांचं भांडण.

मडगावहून: आपली छोटी बोट कवचातून आत कशी येते?

वेगाची अट घाला. जोडणीसाठी येणारं यान सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वेगाने टेकतं, तेव्हा मर्यादा सेकंदाला काही मीटर ठेवली तरी भागतं. मग शत्रूही सुरुंग तरंगत सोडील. त्यासाठी जाळी, हात, दिवा घेतलेला माणूस. उपाय जुनेच.

फोंड्याहून: कवच "कोसळतं" तेव्हा नेमकं काय होतं? आणि खऱ्या जगात याच्या जवळपासचं काही आहे का?

कवच कोसळल्यावर नुसता दिवा मालवला असं लिहिणं म्हणजे मोठी संधी घालवणं. क्षेत्र उभं करायला घातलेली ऊर्जा क्षेत्रातच भरलेली असते. १ टेस्लाच्या क्षेत्रात घनमीटरला ४ लाख ज्यूल. वरच्या ११० मीटर त्रिज्येच्या फुग्यात ती २ टेराज्यूलच्या वर जाते, पाचशे टन टीएनटीएवढी. ती शत्रूची नव्हे, तुमची. क्षेत्र कोसळलं की ती परत क्षेत्र निर्माण करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांत येते.

एवढा प्रवाह वाहायला अतिवाहक तार लागते. ती थंड असेपर्यंत तिच्यात रोध शून्य असतो. एखाद्या जागी ती किंचित तापली की तेवढ्या तुकड्यात रोध येतो, रोधाने उष्णता, उष्णतेने शेजारचा तुकडाही जातो, आणि पाहता पाहता सगळं वेटोळं साधी तार होऊन बसतं. याला क्वेंच म्हणतात. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात १९ सप्टेंबर २००८ रोजी दोन चुंबकांमधला एक विद्युतजोड सदोष निघाला, तिथे ठिणगी पडली, चुंबक थंड ठेवणारं सुमारे ६ टन हेलियम बोगद्यात सुटलं आणि जड चुंबक जागचे हलले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. शत्रू कुणी नव्हता, एक सांधा कच्चा होता.

म्हणून शहाणे अभियंते ऊर्जा बाहेर काढायला रोधकांचे मोठे गठ्ठे ठेवतात. क्वेंचची चाहूल लागताच प्रवाह तिकडे वळवला जातो. तुमच्या यानातही ते हवेत, आणि गोळा त्यांच्यावरच पडायला हवा. लिहिताना क्रम असा ठेवा: आधी एका वेटोळ्याच्या तापमानाचा काटा अर्धा अंश चढतो, मग झडपा फुटून हेलियम सुटतं, दालनात पांढरं धुकं, प्राणवायू कमी झाल्याची घंटा, आणि कवच गेल्याची बातमी सगळ्यांत शेवटी. त्या दालनातल्या माणसाला धुक्यात दार सापडतं की नाही, हा प्रसंग बाहेरच्या लढाईपेक्षा मोठा आहे.

खऱ्या जगातलं म्हणाल तर चुंबकीय कवचाने अंतराळवीरांना किरणोत्सर्गापासून वाचवायचे अभ्यास युरोपात झाले. मॅग्नेशियम डायबोराइड या अतिवाहकाचा त्यात विचार झाला, कारण तो उणे २३४ अंशांपर्यंत अतिवाहक राहतो आणि त्याला द्रव हेलियमइतकी थंडी लागत नाही. बोइंगला मार्च २०१५ मध्ये एक पेटंट मिळालं: जवळ स्फोट झाला की लेसर, सूक्ष्मलहरी किंवा विजेने मधली हवा तापवून आघातलहर बोथट करायची. त्याला हवा लागते, आणि उडालेले तुकडे ते अडवत नाही. अंतराळातल्या कथेत ते नेऊ नका. किनाऱ्यावर उतरलेल्या यानाला चालेल.

पेडण्याहून, गावच्या जत्रेच्या नाटकाचा दिग्दर्शक: कवच रंगमंचावर दाखवायचं कसं? आमच्याकडे दोन डिमर, एक ध्वनियंत्रणा आणि पडदा आहे.

पुरेसं आहे. एक तर निळा चमकता पडदा लावू नका. पोकळीत क्षेत्र दिसत नाही, त्याला काही येऊन धडकलं आणि त्याची वाफ झाली तरच उजेड पडतो. आणि अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही. आवाज येतो तो सांगाड्यातून, बोल्टांवर आलेल्या जोराचा. म्हणून "धडाम" नको, लोखंडी पिंपावर ओल्या गोणपाटातून मारलेला ठोका घ्या.

कवच म्हणजे एक घुमणारा आवाज ठरवा. ट्रान्सफॉर्मरसारखा, खालच्या सुराचा, पहिल्या प्रवेशापासून अखंड. इतका हळू की पाच मिनिटांत प्रेक्षक तो विसरतील. प्रत्येक फटक्याला पहिल्या डिमरवरचे दिवे एक पायरी खाली आणा आणि परत पूर्ण वर नेऊ नका. दुसऱ्या डिमरवर फक्त एक तांबडा दिवा ठेवा, रेडिएटरचा. तो फटक्यागणिक एक पायरी वर. नटांना सांगा की दर फटक्यानंतर उकाडा वाढतो: आधी कॉलर सैल, मग बाह्या वर, मग घाम पुसायचा. कुणीही "कवच" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. एका बाजूला पाण्याची काचेची बरणी, तिच्यावर उजेड. फटक्याला एक पेला बाहेर ओतायचा. नाटकात नऊ फटके असतील तर बरणी नऊ पेल्यांचीच घ्या आणि तालमीत मोजून बघा, कारण जत्रेच्या रात्री पुढच्या रांगेतली मुलं मोजणार.

शेवटचा पेला ओतून झाल्यावर ठोका वाजवू नका. घुमणारा आवाज एकदम बंद करा. तो चालू होता हे प्रेक्षकांना त्या क्षणी कळेल. ध्वनियंत्रणेवरच्या माणसाला बजावून ठेवा की आवाज हळूहळू उतरवायचा नाही, बटण दाबून तोडायचा. त्यानंतर चार आकडे मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि पुढचं वाक्य सगळ्यांत लहान भूमिका असलेल्या नटाला द्या.